आल्को पीए एवढं देखणं इंजिन, मग अमेरिकेतच एवढं बदनाम का झालं?

घोरपडी_लूप:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून विचारतोच. आपण पुण्याकडची पोरं आल्कोच्या (अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनी) आवाजावर वाढलेली, डब्ल्यूडीएम-२ काय, ३ए काय, ३डी काय, सगळी तिच्याच इंजिनावरची आपली डिझेलं, पुण्याच्या पुढे मिरज किंवा दौंडला जायचं म्हणजे पुढे आल्को असणारच. त्यामुळे आल्को म्हणजे दणकट, धूर ओकेल पण गाडी पोचवेल, असंच लहानपणापासून मनात बसलेलं.
आता जुन्या अमेरिकन डिझेलबद्दल वाचायला लागलो आणि आल्को पीएवर, म्हणजे त्यांच्या पॅसेंजर गाडीच्या डिझेलवर, येऊन अडकलो. ते लांब नाक, तो हेडलाइटभोवतीचा चौकोन, सांता फे रेल्वेचा लाल-चंदेरी रंग, माझ्या मते याच्याइतकं देखणं डिझेल जगात झालं नाही. १९४६ ला पहिला सेट निघाला तो कंपनीचा ७५,००० वा लोको म्हणून न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात लोकांना बघायला ठेवला होता, म्हणजे बघा केवढा गाजावाजा. आणि मग पुढचं वाचावं तर सगळीकडे एकच, क्रँकशाफ्ट (पिस्टनने फिरणारा मुख्य दांडा) तुटले, टर्बो गेले, गाडी मधेच बंद पडली. १९५३ पर्यंत सगळे मिळून २९७ बनले आणि संपलं. समोर ईएमडी या प्रतिस्पर्धी कंपनीचं एकटं ई-७ मॉडेल चारेक वर्षांत ५१० गेलं.
माझा प्रश्न असा की ज्या कंपनीचं इंजिन आपल्याकडे पन्नास वर्षांच्या वर चाललं ती कंपनी स्वतःच्या घरी एवढी कशी आपटली? डिझाइनच खराब होतं, का तिकडच्या शेडवाल्यांना ते सांभाळता आलं नाही, का अजून काही? जाणकारांनी जरा सविस्तर सांगा.

नॉच_आठ:
चांगला प्रश्न काढलात. आधी एक गोष्ट वेगळी करून घेऊ, लोको वेगळा आणि त्याच्या पोटातलं डिझेल इंजिन वेगळं. पीएची बॉडी, बोगी (खालचा चाकांचा सांगाडा), त्याच्याबद्दल फार कोणाची तक्रार नव्हती. सगळं दुखणं होतं ते २४४ नावाच्या इंजिनात. आपल्याकडे आलं ते २५१, तो त्याचा धाकटा भाऊ, पण भावाभावात जेवढा फरक असतो तेवढा इथे आहे.
आता २४४ असं का झालं ते बघा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सरकारच्या वॉर प्रॉडक्शन बोर्डाने कोण काय बनवणार हे ठरवून दिलं होतं. ईएमडीला मेन लाइनचं मालगाडीचं डिझेल बनवायला मिळालं, ते एफटी, त्यामुळे त्यांचं ५६७ इंजिन युद्धाच्या काळात रात्रंदिवस जड गाड्या ओढून तावून सुलाखून निघालं. आल्कोच्या वाट्याला स्विचर (यार्डात डबे हलवणारी छोटी इंजिनं) आणि वाफेची इंजिनं आली. त्यांच्याकडे ५३९ होतं, सहा सिलिंडरचं, हजार घोड्यांचं, चांगलं होतं पण वजन आणि आकार बघता मोठ्या लोकोला पुरणारं नव्हतं. म्हणून त्यांनी २४१ नावाचं नवीन इंजिन करायला घेतलं, १९४५ मध्ये तीन काळ्या रंगाचे टेस्ट लोको बनवून फिरवले पण, लोक त्याला ब्लॅक मारिया म्हणायचे.
आणि तेवढ्यात युद्ध संपलं. सगळ्या रेल्वे कंपन्या एकदम डिझेल मागायला लागल्या, वाफेची इंजिनं झिजून गेलेली, खिशात पैसा होता, आणि ईएमडी ऑर्डरी घेत सुटलेली. आल्कोने २४१ बाजूला ठेवलं आणि २४४ घाईघाईत बाजारात उतरवलं. माझ्या मते सगळी चूक इथे आहे. नवीन डिझेलमध्ये काहीतरी तुटणारच, ते कोणालाच चुकत नाही, फक्त ते टेस्ट बेडवर तुटलं तर कंपनीच्या इंजिनिअरला दिसतं आणि सातशे पॅसेंजर घेऊन जाणाऱ्या गाडीपुढे तुटलं तर सगळ्या देशाला दिसतं. २४४ चं टेस्टिंग गिऱ्हाइकाच्या पैशाने आणि गिऱ्हाइकाच्या लाइनवर झालं.
डिझाइन मुळातून टाकाऊ होतं असं मात्र मी म्हणणार नाही, त्याचं कारण पुढे कोणी विचारलं तर लिहितो.

मीनल_ट्रॅकसाइड:
नॉच_आठ यांचं घाईचं म्हणणं बरोबर आहे पण मला वाटतं तेवढ्याने पूर्ण उत्तर मिळत नाही. अजून एक मोठी गोष्ट होती जिच्याबद्दल कमी बोललं जातं.
ई-७ मध्ये दोन इंजिनं होती. बारा सिलिंडरची दोन, प्रत्येकी १००० एचपी, मिळून २०००. पीएमध्ये सोळा सिलिंडरचं एकच, त्यातूनच २००० काढायचे. कागदावर दोन्ही सारखे. आता विचार करा की तुम्ही रेल्वे कंपनीत आहात आणि तुमची नावाजलेली रात्रीची गाडी रानात कुठेतरी आहे. ई-७ चं एक इंजिन गेलं तर दुसऱ्यावर रखडत का होईना पुढच्या स्टेशनला पोचता येतं, उशीर होतो पण पॅसेंजरला नक्की काय झालं ते कळत पण नाही. पीएचं एक इंजिन गेलं म्हणजे तो अख्खा लोको गेला, आता जोडीतल्या दुसऱ्यावर सगळा भार, आणि तो पण २४४ च. म्हणजे बिघाडाचं प्रमाण समजा दोघांचं सारखं असतं तरी आल्को जास्त बदनाम झालं असतं, आणि इथे तर ते सारखं पण नव्हतं.
आणि गंमत बघा, आल्कोचं आधीचं पॅसेंजर डिझेल डीएल-१०९, त्यात दोन इंजिनंच होती, ती ५३९ वाली. न्यू हेवन रेल्वेने त्यातली साठ घेतली आणि युद्धात दिवसा पॅसेंजर रात्री माल अशी दामटली. मग पीए करताना एका इंजिनावर का आले? एक इंजिन म्हणजे कमी वजन, कमी पार्ट, कमी मेंटेनन्स, हिशोब चुकीचा नव्हताच, पुढे सगळं जग एका इंजिनावरच आलं. पण त्यासाठी ते एक इंजिन भरवशाचं पाहिजे. नवंकोरं, पूर्ण न तपासलेलं इंजिन आणि तेच एकटं, हे कॉम्बिनेशन पॅसेंजरला महागात पडलं असं माझं स्पष्ट मत आहे.

घोरपडी_लूप:
हे दोन इंजिनांचं गणित माझ्या लक्षातच नव्हतं मीनलताई, भारी. पण मग टर्बोचं काय नक्की? सगळीकडे टर्बो टर्बो लिहिलेलं असतं. आपल्या डब्ल्यूडीएमला पण टर्बो होताच की. आणि तो काळा धूर, तो पण टर्बोमुळेच ना?

शेडवाले_काका:
बाळांनो मी मध्य रेल्वेत डिझेल शेडला फिटर म्हणून लागलो आणि सुपरवायझर होऊन बाहेर पडलो, सगळी नोकरी आल्कोवर. पीए काही मी डोळ्याने बघितलं नाही पण टर्बोबद्दल विचारलंत म्हणून लिहितो.
टर्बोचं काम काय तर इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुराने एक चाक फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाने इंजिनात जास्तीची हवा कोंबायची. एका बाजूला लाल होईल इतकी उष्णता, दुसऱ्या बाजूला थंड हवा, मधे बेअरिंग, आणि ते बेअरिंग हजारो फेऱ्यांवर. त्यामुळे कूलिंग आणि ल्युब ऑइल यात जरा इकडचं तिकडं झालं की टर्बो गेलाच. २४४ ला सुरुवातीला जो जनरल इलेक्ट्रिकचा टर्बो होता तो एअर-कूल्ड होता, तो टिकला नाही, मग वॉटर-कूल्ड बसवले तेव्हा कुठे जरा शांतता झाली. आमच्याकडे २५१ आलं तेच वॉटर-कूल्ड आल्कोच्या ७२० टर्बोवर, म्हणजे तिकडच्या लोकांनी जे भोगलं त्याचं फळ आम्हाला तयार मिळालं. पुढे आपल्याकडे नेपियर आले, एबीबी आले, हिस्पानो-सुइझा आले, प्रत्येक वेळी डिझेल कमी जळायला लागलं.
तरी टर्बोला आम्ही कधी गृहीत धरलं नाही. इंजिन बंद केल्यावर टर्बो किती वेळ फिरत राहतो ते घड्याळ लावून बघायचो, लवकर थांबला म्हणजे बेअरिंग धरतंय. कान लावून ऐकायचं, खरखर आली की उतरवायचा, उद्यावर टाकायचा नाही. ल्युब ऑइलचा नमुना लॅबला जायचा, त्यात तांबं शिसं किती आलं त्यावरून कोणतं बेअरिंग झिजतंय ते आधीच कळायचं. ही तेल तपासायची पद्धत पण अमेरिकेतल्याच एका रेल्वेने, डेन्व्हर अँड रिओ ग्रांडे वेस्टर्नने, १९४० च्या दशकात आणली, आणि त्यांच्याकडे पीए पण होत्या, कॅलिफोर्निया झेफिर ही पॅसेंजर गाडी ओढायला.
धुराचं म्हणाल तर, ड्रायव्हरने नॉच, म्हणजे ताकदीचा टप्पा, वाढवला की गव्हर्नर लगेच जास्त डिझेल सोडतो, पण टर्बोला वेग घ्यायला काही सेकंद लागतात, तोवर हवा कमी डिझेल जास्त, मग ते अर्धवट जळून काळं बाहेर पडतं. ईएमडीच्या ५६७ ला त्या काळी टर्बो नव्हताच, ब्लोअर होता जो इंजिनच्याच गिअरवर फिरतो, त्यामुळे हवा लगेच. म्हणून ते चटकन उचलायचं आणि धूर कमी. अजून एक, आल्को बराच वेळ आयडलिंगला (नुसतं चालू) उभं ठेवलं की मॅनिफोल्डमध्ये तेल साचतं आणि मग एकदम फुल नॉच दिला की चिमणीतून जाळ येतो. नवीन माणूस घाबरतो. फोटोवाल्यांना आवडतं, आम्हाला नाही आवडायचं.
आणि सांभाळता आलं नाही का म्हणून विचारलंत ना, त्यात पण तथ्य आहे. ईएमडी टू-स्ट्रोक, आल्को फोर-स्ट्रोक. ईएमडीला सिलिंडरमागे फक्त एक्झॉस्टचे चार व्हॉल्व्ह, हवा पोर्टातून येते. सिलिंडर खराब झाला तर पिस्टन, लायनर, हेड सगळी पॉवर असेंब्ली उचलून नवीन ठेवायची. आल्कोला इनलेट दोन एक्झॉस्ट दोन, पुशरॉड, रॉकर, फ्युएल पंप वेगळा, त्याची हाय प्रेशर लाइन वेगळी. आल्को हाताला जास्त काम मागतं. आमच्याकडे शेडच्या शेड आल्कोची, सगळे फिटर त्यातच तयार झालेले, स्पेअर वाराणसीहून, पीओएचला (ठराविक काळाने होणारी मोठी दुरुस्ती) परळ वर्कशॉप, म्हणून चाललं. तिकडे एखाद्या रेल्वेकडे दोनशे ईएमडी आणि त्यात दहा पीए, मग त्या दहांसाठी वेगळे पार्ट कोण ठेवणार आणि वेगळे फिटर कोण शिकवणार? मनाविरुद्ध सांभाळलेलं इंजिन कधीच नीट चालत नाही.

हडसनकाठी:
काकांची पोस्ट सेव्ह करून ठेवली आहे. मी गेली बरीच वर्षं अपस्टेट न्यूयॉर्कला आहे, स्कनेक्टडी इथून गाडीने जवळच. आल्कोचा कारखाना जिथे होता तिथे मोहॉक नदीच्या काठी आता कॅसिनो आणि राहायच्या बिल्डिंगी झाल्यात, त्यामुळे कोणी तीर्थयात्रा म्हणून येणार असाल तर फार अपेक्षा ठेवू नका.
पण मूळ प्रश्नाचं उत्तर द्यायला पीएच्याच इतिहासात दोन गोष्टी घडल्यात त्या इथे यायलाच पाहिजेत. पहिली, सांता फेचा तो हॉटेलात मिरवलेला पहिला सेट, ५१ नंबरचा, त्याच सेटमधलं २४४ त्यांनी १९५४ मध्ये काढून टाकलं आणि ईएमडीचं ५६७ बसवलं. विचार करा, आठच वर्षांत. ज्या लोकोची एवढी जाहिरात झाली त्याच्या पोटात प्रतिस्पर्ध्याचं इंजिन. खर्च फार आला म्हणून बाकीच्यांना नाही केलं.
दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. डेलावेर अँड हडसन, आमच्या ऑल्बनीची रेल्वे, त्यांनी १९६७ मध्ये सांता फेकडून चार जुन्या पीए घेतल्या, तोवर बाकीच्या बहुतेक भंगारात गेलेल्या. ऑल्बनी-माँट्रियल पॅसेंजर गाडीला लावल्या. मग १९७४-७५ मध्ये त्या चारही आयडाहोमध्ये बॉइझीला मॉरिसन-नूडसनकडे पाठवून त्यात बारा सिलिंडरचं २५१ बसवलं, २४०० एचपी. म्हणजे जुन्या सोळा सिलिंडरच्या २००० पेक्षा चार सिलिंडर कमी आणि ताकद जास्त. तीच बॉडी, आल्कोचंच पण सुधारलेलं इंजिन. पीएला १९४६ मध्येच हे इंजिन मिळालं असतं तर काय झालं असतं असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हा जवळजवळ प्रयोगच होता. त्यानंतर १९७८ मध्ये त्या मेक्सिकोला गेल्या, आणि तिथून दोन २००० साली परत अमेरिकेत आणल्या, फार वाईट अवस्थेत. त्यातली एक निकेल प्लेट रोड या रेल्वेच्या निळ्या-पांढऱ्या रंगात १९० नंबर देऊन वर्षानुवर्षं खपून उभी केलीये. ते काम ज्यांनी केलं त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे, कारण पार्ट कुठेच मिळत नव्हते.

सोलापूर_फास्ट:
सगळं मान्य पण एक विसरताय, पॅसेंजरचा धंदाच तिकडे बसत चालला होता. १९५० नंतर लोक मोटारीने आणि विमानाने जायला लागले, पीए काय, ईएमडीचं ई-७ नंतरचं ई-८ काय, नवीन पॅसेंजर लोको कोण घेणार होतं. पीएची बोगी ए१ए, तीन ॲक्सलपैकी मधला नुसता वजन उचलायला, त्याला मोटर नाही. त्यामुळे मालगाडीला लावलं तर पकड कमी. ईरी आणि लीहाय व्हॅली या रेल्वेंनी लावून बघितल्या मालगाड्यांना, पण ते काम तिचं नव्हतं. आपलं डब्ल्यूडीएम-२ को-को, सहाच्या सहा ॲक्सलला मोटर, सकाळी मेल ओढा रात्री कोळसा ओढा.

नॉच_आठ:
सोलापूर_फास्ट, बोगीचा मुद्दा एकदम बरोबर, पण धंदा बसला म्हणून पीए पडली हे मला पटत नाही. ई-८ त्याच पडत्या काळात विकलं गेलंच ना, चारशेच्या वर. मंदीत लोक खरेदी थांबवतात हे खरं पण जे थोडंफार घेतात ते भरवशाचं घेतात.
आणि मी वर म्हणलं होतं की डिझाइन मुळातून टाकाऊ नव्हतं त्याचं कारण आता लिहितो. आल्कोचा आरएस-३ घ्या. तेच २४४, फक्त बारा सिलिंडरचं, १६०० एचपी. तो हजाराच्या वर विकला गेला आणि कितीतरी ठिकाणी वीस-पंचवीस वर्षं आरामात चालला, काही तर अजून चालू आहेत. शंटिंग, लोकल, छोट्या मालगाड्या, कधी जोर कधी आराम. पीएला मात्र ताशी ऐंशी-नव्वद मैलांवर तासन्‌तास पूर्ण नॉचमध्ये पळायचं होतं आणि क्रँकशाफ्ट पण लांब. जिथे कच्चेपणा सगळ्यात लवकर उघडा पडणार नेमक्या तिथेच त्याला पहिल्या दिवसापासून उभं केलं.
२५१ मध्ये बोअर-स्ट्रोक (सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची चाल) तोच ठेवलाय, ९ इंच आणि साडेदहा इंच, पण बाकी ब्लॉकपासून सगळं जास्त दणकट केलं आणि या वेळी आधी टेस्ट केलं मग विकलं. त्याच मापाच्या सोळा सिलिंडरमधून पीएला २००० निघत होते, शेवटी शेवटी २२५०. आपल्या डब्ल्यूडीएम-२ ला २६००, ३ए ला ३१००, ३डी ला ३३००. आकडे बघितले की कळतं त्या मापात केवढी ताकद दडलेली होती आणि ती काढायला फक्त वेळ द्यायला हवा होता. मला या सगळ्यात वाईट याचंच वाटतं की आल्कोच्या इंजिनिअरांना उत्तर सापडलं होतं, पण ते बाजारात येईपर्यंत गिऱ्हाईक निघून गेलं होतं. १९५३ ला जीई (जनरल इलेक्ट्रिक) बरोबरची भागीदारी सुटली, मग जीईच स्वतः लोको विकायला उतरली, आणि १९६९ मध्ये स्कनेक्टडीचं लोको बनवणं बंद. वाराणसीला डीएलडब्ल्यू (आपला डिझेल लोको कारखाना) १९६४ पासून २५१ वाले लोको काढत होतं ते मात्र २०१० नंतरही काढत राहिलं.

घोरपडी_लूप:
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढी माहिती एका ठिकाणी कुठे मिळाली नव्हती. एक शेवटचं विचारतो काका, आपल्याकडचं सगळ्यात पहिलं मेन लाइन डिझेल डब्ल्यूडीएम-१, १९५७ पासून आल्कोकडून शंभर आले ते, त्याचं नाक पण जरा पीएच्या घराण्यातलं वाटतं. मग त्यात २४४ होतं का? म्हणजे आपण पण त्या दुखण्यातून गेलो का?

शेडवाले_काका:
नाही. तो डीएल-५०० जातीचा लोको, त्या जातीतल्या सुरुवातीच्यांना २४४ होतं, पण आपल्याला आले तोवर आल्कोने बदललं होतं. आपल्या शंभरही लोकोंत बारा सिलिंडरचं २५१ बी, १९५० एचपी. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सचे ४४ क्लास त्याच घरातले. आमच्या वेळचे जुने मिस्त्री सांगायचे की डब्ल्यूडीएम-१ ची कटकट इंजिनाची नव्हती, कॅबची होती. कॅब एकाच टोकाला, त्यामुळे परतीला फिरवायला टर्नटेबल नाहीतर रुळांचा त्रिकोण शोधा, किंवा दोन लोको पाठीला पाठ लावून चालवा. डब्ल्यूडीएम-२ ला कॅब एकच पण दोन्हीकडे तोंड करून चालवता येते, हूड (इंजिनावरचं झाकण) लांब असलं तरी. तिथे तो प्रश्न मिटला. बाकी २५१ च्या क्रँकशाफ्टबद्दल कोणाला अजून काही विचारायचं असेल तर विचारा, बेअरिंग क्लिअरन्स कसा घ्यायचो ते सवडीने लिहीन.